सिमोन श्पिलाकचे चाहते इथे कोणी आहेत का?

चढणवाला

स्लोव्हेनिया म्हटलं की आता सगळ्यांना सायकलपटू पोगाचार आठवतो, थोडं मागचं बघितलेल्यांना रोग्लिच. बरोबरच आहे. जेमतेम २१ लाख वस्तीच्या देशाने २०२० च्या टूर दे फ्रान्समध्ये पहिला आणि दुसरा दोन्ही नंबर नेले, त्यावर बोलायचं नाही तर कशावर? पण त्या दोघांवर धागे भरपूर झालेत.

मला बोलायचंय सिमोन श्पिलाकबद्दल. थंडीत चांगला, उन्हात गायब अशी त्याची ख्याती. २०१९ च्या मोसमानंतर गडी निवृत्त झाला. टूर, जिरो, व्हुएल्टा या तीन आठवड्यांच्या तिन्ही मोठ्या शर्यतींत मिळून एक टप्पासुद्धा नावावर नाही. आणि तरी सायकलवेड्यांच्या जालावरच्या अड्ड्यांवर एप्रिलच्या शेवटी चक्कर टाका. स्वित्झर्लंडमध्ये पाऊस लागला की कोणीतरी लिहितंच, "आज श्पिलाक हवा होता!" खाली ढग, छत्र्या आणि बदामांची रांग. नवी पोरं विचारतात हा कोण, आणि जुनी खोडं हातातली कामं सोडून टाइप करत बसतात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: जन्म १९८६, प्रेकमुर्येचा, म्हणजे स्लोव्हेनियाच्या ईशान्य टोकाचा. मुरा नदीच्या पलीकडचा सपाट, शेतीचा मुलूख, पुढे हंगेरी. आल्प्स दुसऱ्या टोकाला. घाटात भल्याभल्यांना दमवणारा माणूस अशा ठिकाणी वाढला याची मला कायम गंमत वाटते. सुरुवात नोवो मेस्तोच्या आद्रिया मोबिल संघातून (रोग्लिचही पुढे तिथूनच आला), मग इटलीचा लांप्रे, मग कातुशा.

टूर दे रोमांदी (स्वित्झर्लंडमधली आठवडाभराची शर्यत) २०१० ला जिंकली. २०१३, २०१४, २०१५ अशी लागोपाठ तीन वर्षं तिथेच दुसरा. टूर दे स्विस २०१५ आणि २०१७, दोनदा. २०१५ च्या पॅरिस-नीसमध्ये तिसरा. शिवाय २०१३ ची फ्रँकफुर्टची एक मे ची शर्यत, २०१४ च्या दोफिनेचा (ही टूरच्या आधीची फ्रान्समधली शर्यत) ला म्यूरचा टप्पा. पोगाचार-रोग्लिचच्या कपाटात काय काय नाही, पण २०२५ पर्यंत टूर दे स्विस जिंकलेला स्लोव्हेनियन एकच, आणि तो श्पिलाक.

तर प्रश्न असा की यात इतकं जीव टाकण्यासारखं काय आहे? माझं मत आहे, पण आधी तुमचं ऐकतो.


शंकासुर

धागा छान, पण मला यात निम्मी थट्टा दिसते. जालावर असा एक नायक लागतोच, ज्याचं नाव घेतलं की आपण जाणकार ठरतो. पोगाचार आवडतो म्हटलं तर कोण विचारतंय? श्पिलाक म्हटलं की समोरचा म्हणतो, अरे वा, दर्दी दिसतोस. बदाम टाकणाऱ्यांपैकी किती जणांनी त्याचा एक तरी टप्पा सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिलाय?


जिनेव्हाकर

शंकासुर, मी पाहिलाय, आणि पुरता भिजून पाहिलाय :)

इथे नोकरीला आल्यावर ऑफिसातल्या एकाने रोमांदीचं वेड लावलं. ही शर्यत स्वित्झर्लंडच्या फ्रेंच बोलणाऱ्या भागातली, एप्रिलचा शेवट ते मेची सुरुवात. तेव्हाच्या इथल्या हवामानावर कोणी विश्वास ठेवू नये. खाली सरोवराकाठी ट्यूलिप फुललेले असतात आणि हजार मीटर वर गेलं की बर्फाळ पाऊस.

२०१३ चा चौथा टप्पा, मार्लीहून ले दियाब्लरे. दिवसभर पाऊस आणि गारठा. शेवटच्या मोठ्या चढावर क्रिस फ्रूम निघाला, आणि त्याच्याबरोबर टिकला कोण, तर श्पिलाक. त्या वर्षीचा फ्रूम आठवा. तीन महिन्यांच्या आत त्याने टूर खिशात घातली. दोघं मिळून शेवटपर्यंत आले आणि टप्पा श्पिलाकने जिंकला. एकूण शर्यत फ्रूमची, हा दुसरा.

२०१४ ला तर तीच गोष्ट पुन्हा. एग्लला संपणारा टप्पा, पुन्हा हे दोघंच पुढे, पुन्हा श्पिलाक आधी रेषेवर. सायकलिंगची जागतिक संघटना यूसीआय तिचं मुख्यालय याच एग्लमध्ये, त्यामुळे समोर सगळे बडे लोक बसलेले. शेवटच्या दिवशी नशातेलची टाइम ट्रायल (एकेकट्याने घड्याळाविरुद्ध चालवायचा टप्पा) सुरू झाली तेव्हा आघाडीवाल्याच्या पिवळ्या जर्सीत श्पिलाक, फ्रूम एका सेकंदाने मागे.

एक सेकंद! आणि संध्याकाळी हिशेब लागला तेव्हा फ्रूम २८ सेकंदांनी पुढे.

आता सांगा, हे बघितलेला माणूस त्याला विसरेल का? थट्टा नाही हो ही.


रिकामटेकडी

२०१५ पण सांग ना. तिसऱ्यांदा दुसरा, आणि या वेळी फ्रूम त्याच्या मागे तिसरा! पुढे कोण, तर स्वतःच्याच संघातला इल्नूर झाकारिन, १७ सेकंदांनी. ज्याच्यापाशी दोन वर्षं हरला त्याला हरवलं आणि तरी जर्सी घरच्याच माणसाने नेली. नशिबाने अशी खोड काढलेला माणूस लोकांना आवडणारच.


खडूस पुणेकर

नशीब त्याच्यावर रुसलंच होतं असं काही नाही. २०१० ची रोमांदी रस्त्यावर कोणी जिंकली? आलेहान्द्रो व्हाल्व्हेर्देने. ऑपेरासिओन पुएर्तो या डोपिंगच्या प्रकरणात त्याच्यावर दोन वर्षांची बंदी आली, ती १ जानेवारी २०१० पासून लागू धरली, म्हणून त्या वर्षीचे निकाल गेले आणि किताब याच्याकडे आला. टेबलावरची जीत. कातुशाचं म्हणाल तर २०१३ साठी यूसीआयने या संघाचा परवानाच नाकारला होता, क्रीडा लवादाकडे जाऊन मिळवावा लागला. तो काळच असा होता. एवढं गहिवरून येण्यासारखं मला काही दिसत नाही.


चढणवाला

खडूस, तुमच्या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. फक्त पहिलीकडे मी उलट बाजूने बघतो. २३ वर्षांचा पोरगा व्हाल्व्हेर्देच्या मागोमाग दुसरा आलाय, आणि ज्याच्यामुळे दुसरा आला त्याच्या रक्ताची पिशवी स्पेनमधल्या डॉक्टरच्या फ्रीजमधून निघालेली. किताब देताना ना व्यासपीठ, ना फुलं, ना लोक. कुठल्यातरी कागदावर नाव बदललं. खरं तर रस्त्यावर कोणाची शर्यत हिरावली गेली होती, विचार करा.

संघाच्या परवान्याबद्दल वाद नाही. पण संघाच्या पापाचा हिशेब प्रत्येक नावापुढे मांडायचा तर त्या दशकातलं निम्मं पेलोटॉन (शर्यतीतला सायकलस्वारांचा घोळका) पुसावं लागेल.


डॉ. निवांत

मला सायकलिंगमधलं फार कळत नाही, पण "थंडीत चांगला, उन्हात गायब" हा भाग रोचक वाटला. शरीरशास्त्राच्या दृष्टीने यात गूढ काही नाही.

पेडल मारताना शरीर जी ऊर्जा खर्च करतं तिच्यातली साधारण २० ते २५ टक्केच चाकापर्यंत पोचते, बाकी सगळी उष्णता. ती बाहेर टाकायला घाम लागतो आणि त्वचेकडे जास्त रक्त पाठवावं लागतं. तेच रक्त स्नायूंनाही हवं असतं. चढावर वेग कमी म्हणजे वाराही कमी, त्यामुळे ओढाताण आणखी वाढते. ही ओढाताण सगळ्यांची सारखी नसते. कोणाला घाम जास्त, कोणाचं शरीर उष्णतेला लवकर सरावतं, कोणाचं सरावतच नाही. त्यामुळे दोन खेळाडू १० अंशाला बरोबरीचे असले तरी ३५ अंशाला एक जण मिनिटांनी मागे पडू शकतो.

उलट थंड पावसात वेगळ्या कारणाने माणसं गळतात. चढावर ठीक असतं, मारतो तो उतार. अंगावर चरबी नावाला नाही, कपडे ओले, ताशी ७०-८० किलोमीटरचा वारा. बोटं इतकी बधिर होतात की ब्रेक दाबता येत नाही, खिशातलं खाणं सोडवून तोंडात घालता येत नाही. खाल्लं नाही की पुढच्या चढावर खेळ खलास.


चढणवाला

डॉक्टरसाहेब, मस्त. त्यात एक भर: साधारण २०१० नंतर कास्तेल्लीचं गाबा नावाचं घट्ट जाकीट आलं आणि २०१३ च्या बर्फातल्या मिलान-सानरेमो शर्यतीत तर दुसऱ्या संघांचे लोकही लोगो काळा करून ते घालायला लागले. म्हणजे पावसातली हाडं गोठवणारी मजा तेव्हापासून थोडी कमीच झाली. श्पिलाकचा बहर नेमका त्यानंतरचा, तरीही फरक दिसायचा.


वऱ्हाडी ठेचा

आमच्या इकडं आत्ता ४५ आहे. गडी पहिल्याच चौकात लिंबू सरबताच्या गाडीवर बसला असता.


रिकामटेकडी

ठेचा =))

मुद्द्यावर येते. शंकासुर म्हणतात तशी थोडी थट्टा आहेच, पण ती प्रेमातली. सायकलिंगच्या चाहत्यांना वाईट हवेतले नायक फार प्रिय. १९८० च्या बर्फातल्या लिएजच्या शर्यतीत बर्नार इनो नऊ मिनिटांहून जास्त फरकाने जिंकला, १९८८ च्या जिरोत गाविया घाटातल्या हिमवादळात अँडी हॅम्पस्टेनने आघाडीची गुलाबी जर्सी घेतली. हे किस्से चाळीस-चाळीस वर्षं चघळतायत लोक. श्पिलाक त्या रांगेत इतका मोठा नाही, मान्य. पण ते दोघं एकेका दिवसाचे. हा दर वर्षी त्याच आठवड्यांत, त्याच पावसात हजर. वसंतात येणार, जूनमध्ये स्विस संपली की नजरेआड. चाहत्यांना असं ठरलेलं काही लागतं ज्याची वाट बघता येते.


गिरणगावकर

हा म्हणजे सायकलिंगमधला अमोल मुझुमदार. प्रथम श्रेणीत ११ हजारांहून जास्त धावा आणि टेस्टची टोपी नाही. आपल्याकडे सचिनच्या चाहत्यांपेक्षा मुझुमदारच्या चाहत्यांशी बोलायला जास्त मजा येते, कारण त्यांच्याकडे एक जखम असते.


चढणवाला

गिरणगावकर, इथे मात्र मी आडवा येणार. मुझुमदारला कोणी बोलावलंच नाही. तो पॅड बांधून बसला होता. श्पिलाकचं तसं नाही, आणि माझं सगळं म्हणणं या फरकातच आहे.

२०१५ ला त्याने टूर दे स्विस जिंकली. ऑस्ट्रियातल्या सोल्डनच्या हिमनदीवर तिबो पिनोने टप्पा आणि जर्सी घेतली, पण शेवटच्या दिवशी बर्नच्या टाइम ट्रायलमध्ये पिनो ढेपाळला आणि श्पिलाक फक्त पाच सेकंदांनी गेरंट थॉमसच्या पुढे राहिला. तिसरा टॉम दुमूलां. आता पुढच्या नोंदी बघा: थॉमसने पुढे टूर जिंकली, दुमूलांने जिरो. या दोघांच्या वर उभा राहिलेला माणूस त्या जुलैत टूरच्या सुरुवातीच्या रेषेवरही नव्हता.

२०१७ ला पुन्हा सोल्डन, या वेळी टीफेनबाखफर्नर ही हिमनदी. ऑस्ट्रियातला डांबरी रस्ता यापेक्षा फारसा वर जातच नाही. जर्सी पोझोव्हीव्होकडे होती. श्पिलाकने तो टप्पाही घेतला आणि जर्सीही, शेवटी कारुसोपेक्षा ४८ सेकंद पुढे. आणि जुलैत? पुन्हा नाही.

टूर दे स्विस ही बहुतेकांसाठी जुलैची रंगीत तालीम असते. पाय तपासायचे, वजन बघायचं, बाकी सगळं पुढे. याच्यासाठी तीच मुख्य शर्यत. तीन आठवड्यांच्या शर्यती तो आधी खेळून बघून आलेला होता, तिथे आपलं जमत नाही हे दिसलं होतं. मग जमतं ते पूर्ण ताकदीने करायचं. संघानेही पुढे त्याला तसंच वापरलं. सायकलिंगमध्ये जुलैतल्या तीन आठवड्यांवर माणसाची किंमत ठरते. प्रायोजक तेच बघतात, पत्रकार तेच विचारतात. त्यात हा एक माणूस, ज्याचं वर्ष जूनमध्ये संपायचं आणि ज्याला त्याचं काही वाटत नव्हतं. मला तरी त्याचं हेच आवडतं. पाऊस नंतर.

म्हणून मुझुमदारची जखम इथे बसत नाही. श्पिलाकच्या चाहत्यांकडे रडगाणं नाहीये, किंचित उर्मटपणा आहे. "तुमची टूर तुम्हाला लखलाभ."


गिरणगावकर

पटलं. उदाहरण मागे घेतो, मुझुमदारवरचं प्रेम नाही.


शंकासुर

चढणवाला, आता तुम्हीच अडचणीत आलात :) "पावसाचा राजा" ही प्रतिमा, आणि तुम्ही सांगताय त्यातली २०१५ ची स्विस ठरली टाइम ट्रायलमध्ये, २०१७ ची ठरली उंचीवर. पाऊस कुठाय? म्हणजे जालावर ज्या गोष्टीसाठी तो प्रसिद्ध आहे ती त्याच्या मोठ्या विजयांमागे नव्हतीच की.


चढणवाला

अहो, अगदी बरोबर पकडलंत. आठवडाभराच्या शर्यतींत दोन गोष्टी लागतात: चढावर पुढच्या पाचांत राहणं आणि घड्याळाविरुद्ध एकट्याने नीट चालवणं. श्पिलाककडे दोन्ही होतं. पिनोकडे पहिलं भरपूर, दुसरं त्या दिवशी नव्हतं. उत्तम टाइम ट्रायल करणारा चढणपटू असं कोरडं वर्णन केलं तर ते जास्त खरं ठरेल. पण त्याच्यावर छत्रीचं चित्र कोण टाकणार? दियाब्लरेतल्या त्या ओल्या दिवसाची छाप पुढच्या सगळ्यावर बसली.


जिनेव्हाकर

आणि रोमांदीतले दुसरे क्रमांक टाइम ट्रायलमध्येच हुकले ना, निदान २०१४ चा तरी. तिथे समोर फ्रूम होता, ज्याने त्या दिवशी टोनी मार्टिनलाही मागे टाकलं. टोनी मार्टिन तेव्हा या प्रकारात तीनदा विश्वविजेता झालेला. एका सेकंदाची आघाडी घेऊन अशा दिवशी उतरणं म्हणजे... असो.


पेडलपटू

मी यात वेगळ्या दाराने आलो. प्रो सायकलिंग मॅनेजर हा कॉम्प्युटरवरचा संघ चालवायचा खेळ खेळायचो कॉलेजात. पैसे कमी, मोठे रायडर परवडत नाहीत, मग यादी चाळत बसायचं की कोण स्वस्तात आठवडाभराची शर्यत जिंकून देईल. तिथे हे नाव भेटलं. मे-जूनमध्ये हमखास गुण, जुलैत बाकावर बसवायचा. खरा माणूस नंतर पाहिला, आधी तो माझ्याकडे नोकरीला होता :D फँटसी खेळणाऱ्या बऱ्याच जणांचं असंच झालं असणार. ज्याने आपल्याला गुण मिळवून दिले तो आपला.

एक शंका: भारतातून हे सगळं तेव्हा दिसायचं का? मी तर मजकुरी अपडेट वाचायचो.


रिकामटेकडी

टूर टीव्हीवर दिसायची. रोमांदी-बिमांदीसाठी तुटक-तुटक चालणाऱ्या लिंक शोधायला लागायच्या, त्यात बफरिंग नेमकं शेवटच्या तीन किलोमीटरला. शर्यती दाखवणारं जीसीएन प्लस आलं तेव्हा सुख होतं, पण श्पिलाक गेला होता आणि डिसेंबर २०२३ ला तेही बंद. त्यामुळे आपल्याकडच्या चाहत्यांनी त्याला बघितलं कमी, वाचलं जास्त. शंकासुर, हा मुद्दा तुमच्या बाजूने धरा.


शंकासुर

धरला. वाचून झालेलं प्रेम. चालेल.


खडूस पुणेकर

मी अजून म्हणतो की पोगाचार-रोग्लिच नसते तर श्पिलाकचं नाव एवढं निघालंच नसतं. लोक आता स्लोव्हेनियाचा इतिहास उकरतात, "यांच्या आधी कोण होतं" म्हणून. उजेड त्यांचा, सावली याची.


चढणवाला

थोडं तसं, थोडं नाही. इतिहासच उकरायचा तर आंद्रेय हाउप्टमान आहे, २००१ च्या लिस्बनच्या जागतिक स्पर्धेत ब्राँझ, आता पोगाचारच्या संघात डायरेक्टर. यानेझ ब्रायकोविच आहे, ज्याने २०१० च्या दोफिनेत अल्बेर्तो कोंतादोरला मागे टाकलं. म्हणजे ज्या वर्षी रोमांदी श्पिलाकच्या नावावर झाली त्याच वर्षी दोफिने दुसऱ्या स्लोव्हेनियनकडे. रोग्लिच तेव्हा अजून स्की जंपिंग करत होता! यांपैकी छत्र्या मात्र एकाच्याच वाट्याला आल्या.

आणि उलटंही आहे. रोग्लिचने २०१८ आणि २०१९ ला रोमांदी जिंकली तेव्हा "दुसरा स्लोव्हेनियन विजेता" असं लिहावं लागलं. पहिला शोधायला गेलेल्यांना श्पिलाक सापडला.


ओलीचिंब

नवीन सदस्य आहे, पहिलाच प्रतिसाद. वाचनखूण साठवली. यातलं काही बघायचं तर कुठून सुरू करू? रोमांदी २०१३ की स्विस २०१७?


जिनेव्हाकर

स्वागत. आधी २०१४ चा एग्लचा टप्पा. २०१३ जास्त नाट्यमय आहे, पण पावसामुळे कॅमेऱ्याच्या काचेवर थेंबच थेंब, निम्मा वेळ कोण कुठला कळत नाही. एग्लच्या टप्प्याची शेवटची चढाई आणि त्यानंतरचा उतार, दोन्ही नीट बघ. फ्रूमच्या कोपरांवरून नजर हटव आणि मागच्या माणसाची मान बघ, हलत नाही.


पेडलपटू

आणि २०१७ चं सोल्डन आवाज बंद करून. समालोचक अर्धा वेळ टूरमध्ये कोण काय करेल तेच बोलत असतात, आणि जिंकणारा टूरला जाणारच नसतो.


खडूस पुणेकर

पेडलपटू, हे मात्र आवडलं.

चढणवाला, ब्रायकोविचवर वेगळा धागा काढा. कोंतादोरला दोफिनेत हरवणं ही रोमांदीत तीनदा दुसरं येण्यापेक्षा मोठी गोष्ट आहे, आणि तिथे मी भांडायला तयारीने येतो.